खानाचा पांढरा बुरणूस

राजघराण्याचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही, म्हणून थोरल्या तोरुगानला लोकर थापून केलेल्या जाड बुरणुसात गुंडाळून घोड्यांखाली तुडवलं होतं. हुकूम धाकट्या भावाचा, येसुदेरचा. घोड्यावरून पडून डावा पाय आखडलेला हा येसुदेर उद्या खान होणार होता. खानाला ज्यावर बसवून उचलतात, तो पांढरा बुरणूस म्हाताऱ्या ओयुनने करायचा होता. दोघांनाही तिनेच अंगावर पाजलं होतं.

नवी लोकर जुन्या बुरणुसावर पसरून भिजवतात, गुंडाळतात आणि घोड्यामागे ओढतात. जुन्याला आई म्हणतात, नव्याला लेक. येसुदेरच्या सरदाराने आई म्हणून तोरुगानला गुंडाळलेला बुरणूसच आणून टाकला.

"हा?" ओयुनने विचारलं.

"थेंबभर रक्त लागू दिलं नाही आम्ही, म्हातारे. चांगला आहे, वाया कशाला घालवायचा?"

"हो ना. माणूस तेवढा वाया गेला."

दुपारभर घोड्याने गुंडाळी माळावर ओढली. सोडली तेव्हा लेक पांढरीशुभ्र उतरली होती, पण मधोमध माणूस निजल्यासारखा खळगा होता. कुशीवर, हात कानाखाली. तोरुगान लहानपणापासून तसाच झोपायचा.

ओयुनने पाणी मारलं, काठीने बडवलं. खळगा बुजला नाही. उलट त्याला लागून दुसरा उमटत गेला. त्याचा डावा पाय आखडलेला होता.

तिने हात घालून पाहिलं. पहिला गार होता. दुसऱ्यात ऊब होती, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

मागे लंगडी पावलं वाजली.

"झाला का माझा बुरणूस, आई?" येसुदेर म्हणाला.

"झालाय, बाळा," ओयुन म्हणाली. "ये, पडून बघ."