एकच दगड

मिरजेच्या बाजारात वस्तऱ्याला धार लावायचा चांगला दगड एकच उरला होता आणि त्यावर दोन हात एकदमच पडले. एक रंगनाथचा, दुसरा शिवाप्पाचा. दोघे न्हावी, समोरासमोर दुकानं. पण गिऱ्हाइकांवरून बिनसल्यापासून बोलणं बंद.

“आधी धार लावून बघा,” दुकानदार म्हणाला. “पण दाढी कुणाची करणार?”

शिवाप्पाने खिशातून वस्तरा काढला. रंगनाथने हनुवटी पुढे केली. “माझी कर. तुला घाबरतोय होय मी?”

वस्तऱ्यावर नजर रोखून तो दुकानातल्या स्टुलावर बसला. शिवाप्पाने दगडावर वस्तरा घासला, साबण फासला आणि डाव्या गालावरून पातं इतक्या अलगद फिरवलं, की जन्मभर दुसऱ्यांच्याच दाढ्या केलेल्या रंगनाथचे डोळे मिटले. तो चक्क घोरू लागला.

जाग आली तेव्हा शिवाप्पा दगड विकत घेऊन पसार झाला होता. उजवा गाल तसाच फेसाळलेला.

रंगनाथ तणतणत गल्लीत आला. स्वतःच्या दुकानात आरसाही होता, वस्तराही. क्षणभर घुटमळून तो शिवाप्पाच्या दुकानात शिरला आणि खुर्चीत बसला.

“उरलेली कर,” तो गुरगुरला. “आणि सावकाश कर. माझी झोप अपुरी राहिलीय.”