दहा वाजताचं कासव

कासव पाण्याच्या पृष्ठभागापासून हातभर खाली थांबलं होतं. वल्ह्यांसारखे पुढचे दोन्ही पाय पसरून, मान वर करून. ऊन थेट त्याच्या अंगावर उतरत होतं. फोटोग्राफरने श्वास रोखून खालून एकामागून एक फोटो काढले. समुद्रातलं जनावर असं जागच्या जागी थांबत नाही; आज दैव आपल्यावर मेहेरबान आहे, असं तिला वाटलं.

बेटावरच्या रिसॉर्टची नवी माहितीपुस्तिका निघायची होती. फोटोंचं काम तिला थोरल्या बहिणीने मिळवून दिलं होतं. ताई इथे पाहुण्यांना पाण्यात उतरवायची, मासे आणि प्रवाळ दाखवायची. सकाळच्या पहिल्या होडीने येऊन धाकटीने खोल्या उरकल्या होत्या : पायाखालची काच, काचेखालचा समुद्र, पलंगावर हंसासारखे दुमडलेले टॉवेल. राहिलं होतं ते कासव. आमचं कासव सरकारी खात्यातलं नाही, दहा म्हणजे दहालाच हजर, असं मॅनेजर हसत सांगून गेला होता. पाहुणे उतरायच्या आत प्रकाश बघून घ्यावा म्हणून ती अर्धा तास आधीच पाण्यात शिरली होती.

श्वास घ्यायला ती वर गेली आणि परत बुडी मारून आली. कासव तिथेच होतं. तेवढ्यात ते जोर करून वर झेपावलं आणि हिसका बसून मागे आलं. पुन्हा झेपावलं. पुन्हा हिसका.

तेव्हा तिला दोरी दिसली. नायलॉनची, शेवाळाच्या रंगाची. कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून ओवलेली आणि खाली खडकात ठोकलेल्या लोखंडी कडीला बांधलेली.

कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. आपण इतका वेळ काय टिपत होतो, ते आत्ता कुठे तिच्या ध्यानात आलं.

तिने गाठ ओढून पाहिली. नख तुटलं, गाठ हलली नाही. मग गळ्यातला कॅमेरा पाठीवर टाकून तिने कासवाच्या पोटाखाली खांदा लावला आणि त्याला वर रेटलं. दोरी तारेसारखी ताठ झाली. वरचं हातभर पाणी हातभरच राहिलं. कासवाचा डोळा तिच्या पोहण्याच्या चष्म्यासमोर होता आणि तो अर्धा मिटला होता.

धक्क्यावर ताई पाहुण्यांना पोहण्याचे चष्मे वाटत होती. एका मुलीचे पट्ट्यात अडकलेले केस हलक्या हाताने सोडवत होती. धाकटी शिडीला धरून वर आली. तिला धाप लागली होती. पाहुण्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून ती हळूच बोलली.

"ताई, त्या कासवाला कोणीतरी बांधलंय. त्याला वर येता येत नाहीये."

ताईने वाकून धक्क्याच्या खांबाकडे पाहिलं. भरतीच्या खुणेचा पांढरा पट्टा पाण्याखाली गेला होता.

"आज उधाण," ती म्हणाली. "दोरी वाढवायची राहिली."

धाकटीला आधी शब्दांचा अर्थच लागला नाही. लागला तेव्हा तिने शिडी घट्ट धरली. ताईच्या मागे, ताईच्याच अक्षरात रंगवलेली पाटी होती : हे सागरी अभयारण्य आहे, इथला शिंपलाही उचलू नका.

पोटरीला बांधलेला सुरा उपसून ताईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली. कार्यक्रम सुरू झाला असं समजून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या.

धाकटी पोहत पोचली तोवर दोरी कापून झाली होती. कासव पाय सोडून कलंडलं होतं. दोघींनी दोन बाजूंनी धरून त्याचं तोंड पाण्याबाहेर उचललं. काहीच झालं नाही. ताई त्याच्या कवचावर तळहात दाबत राहिली, लाटा दोघींच्या तोंडावर येत राहिल्या. मग कासवाने तोंड उघडलं आणि मोठा, अगदी माणसासारखा श्वास सोडला. दुसरा श्वास. तिसरा. त्यानंतर ते हातांतून निसटलं आणि दोरीचा उरलेला तुकडा ओढत निळ्या पाण्यात खोल गेलं.

ताई बोलायला लागली ती थांबेचना. धक्क्यावर दिवे आले, होड्या वाढल्या आणि कासवं यायची बंद झाली, ती सांगत होती. पाहुणे मात्र कासव बघायलाच येत राहिले. मॅनेजरने बघा काहीतरी म्हटलं आणि तिने बघितलं. भोक पाडताना तिने दोनदा हत्यार खाली ठेवलं होतं, पहिल्या वेळी. ओहोटीला बांधायचं, पाणी चढेल तशी दोरी सोडत जायचं, काही बिघडत नाही. एकाच कासवाला त्रास नको म्हणून ती त्यांना आलटूनपालटून मागच्या खडकांकडून पुढच्या खडकाशी आणायची.

इथे ती अर्ध्या वाक्यात थांबली.

धाकटीनेही ते ‘त्यांना’ ऐकलं होतं. बेटाच्या मागच्या बाजूला खडकांवर लाटा फुटत होत्या. बरेचसे खडक दिसेनासे झाले होते.

"अजून किती आहेत?" तिने विचारलं.

"तीन."

ताईने सुरा दातांत धरला आणि तिकडे हात मारायला सुरुवात केली. थोड्या अंतरावर जाऊन ती वळली. सुरा हातात घेतला.

"कॅमेरा चालू कर," ती म्हणाली. "कड्या, दोऱ्या, सगळं घे. मीपण आले पाहिजे त्यात."