दुसरा मसुदा

"म्हंजे नेमकं शिकवतात तरी काय?" गोजराबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवत विचारलं.

पालघरच्या त्या दोन खोल्यांत मुलगी बघायचा कार्यक्रम चालला होता, आणि मुलीपेक्षा तिच्या मोबाइलवरच्या वर्गाचीच चौकशी जास्त होत होती. वर्षाराणीची पदवी एका विषयापायी अडकली होती. निबंधलेखन. कॉलेज तो विषय आता ऑनलाइन शिकवत होतं, आणि वर्ग बाहेरच्यांनाही खुला होता.

"लिहायला शिकवतात," वर्षाराणी म्हणाली.

"लिहायला? मग पहिलीत काय शिकवलं गं तुला?"

वर्षाराणीची आई कसनुशी हसली. गोजराबाई मात्र थांबल्या नाहीत. कोण शिकवतं, वर्ग किती वाजता, घरचं काम कोण करतं तेव्हा, प्रवेश अजून चालू हाय का, निबंध लिहून भाकरी फुगते का. त्यांचे यजमान झुंबरराव चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होते. मुलगा विक्रम बोईसरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता. तो तर मिठाची गुळणी धरून बसला होता.

पाहुणे गेले तशी वर्षाराणी म्हणाली, "नको."

"अगं, मुलगा निर्व्यसनी आहे."

"व्यसन करायला तरी तोंड उघडावं लागतं, आई. आणि त्या बाईंसमोर मी जन्म काढू?"

"रविवारपर्यंत विचार कर. मग कळवू," आई म्हणाली आणि बशा उचलायला लागली.

संध्याकाळी वर्ग होता. प्रियंका मॅडमनी नियम पुन्हा एकदा वाचून दाखवले. लेखन स्वतःचंच हवं. उचललेलं वाक्य मला वासावरून कळतं. 'माझे बाबा म्हणजे वटवृक्ष' असलं काही आढळलं तर निबंध परत येईल. सुविचार आणि गुलाबाची चित्रं वर्गाच्या ग्रुपवर टाकू नयेत.

"या वेळी डोळ्यांनी पाहिलेलं एक माणूस लिहा," मॅडम म्हणाल्या. "गोड करू नका. कच्चा मसुदा जोडीदाराला दाखवायचा, त्याच्या सूचना घ्यायच्या, मग दुसरा मसुदा. जोडीदाराचं नाव विचारायचं नाही. नाव कळलं की माणसं खरं बोलत नाहीत."

वर्गात सगळ्यांना नुसते क्रमांक होते. वर्षाराणीच्या जोडीदाराने वर्ग सोडला होता. दोन दिवसांनी नवा प्रवेश झाला आणि तिच्या वाट्याला क्रमांक एक्केचाळीस आला.

तोवर तिचा मसुदा तयार होता. गोजराबाईंवर तिने हात धुऊन घेतले होते. 'त्या बोलायला लागल्या की भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक करायला जागा मिळत नाही. मध्ये श्वास घेताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. श्वास त्या बहुधा घरूनच घेऊन निघतात.' मुलाला तिने दीड ओळ दिली होती.

एक्केचाळीसचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं.

'सासूबाई झकास उतरल्या आहेत. श्वासाचं वाचून मोठ्यानं हसू आलं. हात आखडू नका, अजून हाणा. मुलगा मात्र कागदी झालाय. त्याच्याकडे तुम्ही पाहिलंत कुठे? लिंबाच्या फोडीतल्या बिया काढून त्यानं ती कुणाच्या बशीत ठेवली, ते का नाही लिहिलं?'

वर्षाराणी हसता हसता थांबली. तिने मसुदा पुन्हा चाळला. त्यात लिंबाचा उल्लेखच नव्हता.

फोड त्याने तिच्या बाबांच्या बशीत ठेवली होती. बाबांचा हात थरथरतो, त्यांना बिया काढता येत नाहीत. हे त्या खोलीत बसलेल्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

तिचे कान गरम झाले. म्हणजे तो सगळं ऐकत होता. वर्गाचं नाव, वेळ, सगळं. गपचूप जाऊन त्याने प्रवेश घेतला होता, तिच्यासाठी. आणि आपल्याच आईची टिंगल वाचून पोट धरून हसला होता! असा नवरा कुणाला मिळतो?

मग त्याचा मसुदा आला. 'आमच्या घरात तीन माणसं. त्यातलं एकच बोलतं. लोक हसतात. पण ते एक गप्प झालं, तर घरात फक्त भांड्यांचा आवाज उरेल, आणि नुसत्या भांड्यांच्या आवाजात घास घशाखाली उतरत नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. गोजराबाईंबद्दल आपण काय लिहिलं आणि पोटच्या मुलाने काय लिहिलं! सूचनांच्या जागी तिने एवढंच लिहिलं, 'यात एक शब्दही बदलू नका.' मग डोळे पुसून ती स्वयंपाकघरात गेली.

"आई, बोईसरला हो कळव."

आईच्या हातातला झारा तसाच राहिला.

सुपारी फुटली. त्यानंतरच्या रविवारी दोघांना फिरायला जायची परवानगी मिळाली. विक्रमने तिला मोटरसायकलवरून शिरगावच्या किनाऱ्यावर नेलं. शहाळी घेतली. तिच्या शहाळ्यात नळी नीट बसत नव्हती, ती त्याने न बोलता बसवून दिली. वर्षाराणीला ते फार आवडलं.

"तुम्ही फार सुंदर लिहिता," ती म्हणाली.

विक्रमने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"आता कशाला लपवता? मी पहिल्याच दिवशी ओळखलं. तुमचा मसुदा वाचूनच तर मी हो म्हटलं."

"मसुदा?"

"निबंधाचा! एक्केचाळीस नंबर तुमचाच ना?"

विक्रमने हातातलं शहाळं वाळूत ठेवलं. बोलायची सवय नसल्याने त्याला शब्द जुळवायला वेळ लागला.

"अहो, माझा रजेचा अर्जसुद्धा आई लिहून देते," तो म्हणाला. "तो वर्ग तिनेच लावलाय."