तीन घरं, दोन मतं

“हॅरल्ड गेला,” आग्नेश्का म्हणाली आणि थालीपीठाचा तुकडा दह्यात बुडवला. “मार्चमध्ये.”

योगिनीचा हात तव्यावरच थांबला. अरे देवा, आल्या आल्या हेच सांगायचं होतं का हिला? नऊ वर्षांनी भेटत होत्या दोघी. आग्नेश्का वॉर्साहून सिडनीला निघाली होती, बहिणीच्या लग्नाला. मधे सिंगापूरला सहा तासांचा मुक्काम पडेल असंच विमान तिने मुद्दाम घेतलं होतं. चांगी विमानतळावरून थेट पुंगोल भागातल्या या अकराव्या मजल्यावरच्या घरी आली. योगिनीने ऑफिसला सुट्टी टाकली होती आणि शेजारच्या ब्लॉकमधल्या सुलभाताईंकडून भाजणी मागून आणली होती.

तसं सिंगापुरात तिला काय कमी होतं? नवऱ्याची, रूपेशची, नोकरी झकास. जाईची शाळा रस्ता ओलांडला की समोर. लिफ्टमध्ये भेटणारा जो तो हसून मान हलवणारा. पण फोन न करता दार वाजवणारं माणूस मात्र एक नव्हतं. इंग्लंडात, पीटरबरोच्या त्या गल्लीत, आग्नेश्का होती. जाई चार वर्षांची असताना तापाने फणफणली, तर ही बाई तीन दिवस तिला मांडीवर घेऊन बसली होती.

तीन घरं ओळीत. एका टोकाला योगिनी, दुसऱ्या टोकाला आग्नेश्का आणि मधे हॅरल्ड. एकटा, सत्तरीचा, तोंडाचा फटकळ. कुंपणाशी उभा राहून रोज तेच रडगाणं. “कायदे करायचे युरोप संघाने तिकडे ब्रुसेल्सात बसून आणि पाळायचे आम्ही? मग आमची पार्लमेंट काय शोभेला ठेवलीय?”

“दीडशे वर्षं आमचे कायदे लंडनहून यायचे,” योगिनी म्हणायची. “तेव्हा कुठे होतात?”

“तेव्हा मी पाळण्यात होतो,” असं म्हणून तो खो खो हसायचा. ती चेष्टा करायची खरी, पण आतून तिला त्याचं पटायचं. आपल्या घरात आपलं चालावं, यात वावगं काय? लहानपणापासून स्वराज्याचे धडे गिरवलेली बाई ती.

मग दोन हजार सोळाचं ते मतदान आलं. युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं. अकरा वर्षं तिथे राबलेल्या आग्नेश्काला मत नव्हतं, कारण ती पोलंडची. आणि तीन वर्षांपूर्वी आलेल्या योगिनीला होतं! भारत कॉमनवेल्थमधला ना, आणि तिथे राहणाऱ्या कॉमनवेल्थवाल्यांना मत असतं. हे तिला हॅरल्डनेच सांगितलं, फॉर्मही त्यानेच आणून दिला; आग्नेश्काला याचा पत्ताच नव्हता. तिच्या भावाचा, अंकुरचा, व्हिसा तेव्हा दोनदा नाकारला गेला होता. युरोपची माणसं कमी झाली की आपल्याला दारं उघडतील, असं महाराष्ट्र मंडळात जो तो म्हणत होता. शाळेतल्या केंद्रावर ती आणि हॅरल्ड बरोबरच गेले. पेन्सिलने फुली मारायची होती. परतताना त्याने विचारलं, “काय केलंस?” “तुमच्याच बाजूने! बाहेर पडा!” ती ऐटीत म्हणाली. एरवी बोलायचा न थांबणारा म्हातारा घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही.

निकाल लागला त्या सकाळी आग्नेश्का हॅरल्डच्या दारात जाऊन कडाडली. ढोंगी म्हणाली, कृतघ्न म्हणाली. माझ्या हातचं बीटाचं सूप पितोस आणि मलाच हाकलतोस? तो मान खाली घालून ऐकत राहिला. योगिनी तिच्या शेजारीच उभी होती, मूग गिळून. वर्षभरात आग्नेश्का पोलंडला परतली. त्यानंतर योगिनीचं बिऱ्हाड सिंगापूरला आलं. आणि अंकुर? तो पुण्यातच रमला, व्हिसाचं नावसुद्धा त्याने पुन्हा काढलं नाही.

“ममा, आंटीची कॅब पाच मिनिटांत, लाह!” आतून जाई सिंगापुरी हेल काढून ओरडली.

आग्नेश्काने पर्समधून घडी केलेला कागद काढला. “त्याच्या भाचीने पाठवला. माझ्या नावाने लिहून ठेवला होता.” ती वाचू लागली. “‘मी बोलत आलो ते खोटं नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. पण पेन्सिल हातात घेतली आणि तू डोळ्यांपुढे आलीस. मी राहायच्या बाजूने फुली मारली.’” तिने मान वर केली. “राहायच्या बाजूने, योगिनी! आणि मी त्याला नाही नाही ते बोलले. एका शब्दाने सांगायचं ना, तो मी नव्हे म्हणून! पुढचं तर मला कळतच नाही. ऐक. ‘त्या सकाळी गप्प राहिलो, कारण त्या गल्लीत तुला एक तरी मैत्रीण उरायला हवी होती.’ याचा काय संबंध?”

संबंध योगिनीला लख्ख कळला होता. तो ‘मी नव्हे’ म्हणाला असता, तर पुढचा प्रश्न शेजारी उभ्या असलेल्या तिच्याकडेच वळला असता.

“जाऊ दे.” आग्नेश्काने डोळे पुसले. “म्हातारपणी माणूस काहीही लिहितो. तू उन्हाळ्यात ये माझ्याकडे, जाईला घेऊन. चांगली महिनाभर. पूर्वीसारखं राहू. त्या गल्लीतली मला आता तूच उरलीस बघ.”

हे ऐकायला तर योगिनी नऊ वर्षं आसुसली होती. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. जाईने बॅग दाराशी नेली होती. आग्नेश्का निरोपाला दोन्ही हात पसरून उभी होती. योगिनी जागची हलली नाही.

“मला मत होतं, आग्नेश्का,” ती म्हणाली. “त्या सकाळी त्याला जे जे बोललीस, ते सगळं आता मला बोल.”