तिसऱ्या महिन्यात दिसते ना?

टेबलावर झोपलेल्या रेणुकाच्या पोटावर गार जेल पडलं, तरी सासू बाहेर जायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं. जनकाबाई स्टुलावर बसल्या त्या बसल्याच.

रेणुकाला हे आधीच ठाऊक होतं. अंगात ताप असला तरी दवाखान्याच्या नावाने नाक मुरडणारी ही बाई, सोनोग्राफीसाठी आठ दिवस तिच्या मागे लागली होती. उगीच नाही. पहिली मुलगी अपेक्षा, चार वर्षांची. आता सासूला काय बघायचंय ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? गरोदर बायांची नोंद ठेवणारी आशाताई धम्मशीला घरी आली तेव्हा सासूने तिला चुलीपाशी नेऊन हळूच विचारलं होतं, "तिसऱ्या महिन्यात दिसते ना?" रेणुकाने ते दाराआडून ऐकलं. गावात 'दिसते' म्हणजे काय दिसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

वर ताकीद अशी, की सहदेवला यातलं काही सांगायचं नाही. नांदुऱ्याला जायचं, गुपचूप परत यायचं. पोराच्या बापापासून लपवायची तपासणी कसली असते?

रेणुका गरीब होती, दुधखुळी नव्हती. दोन दिवस आधीच तिने अपेक्षाला माहेरी संग्रामपूरला पाठवून दिलं होतं. आज तिच्या स्वतःच्या पिशवीत दोन लुगडी होती. सासूने तोंड उघडलं की इथूनच बस धरायची, पुन्हा त्या घराची पायरी नको. पोटातलं तिचं होतं, मुलगी असली तरी ती ते कुणाला पाडू देणार नव्हती. पण सहदेव वाईट माणूस नव्हता, आणि त्याला सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

डॉक्टरीणबाई पडद्यावर काहीतरी मोजत होत्या. जनकाबाई उठून त्यांच्या खांद्याशी गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "हाय का?"

बाईंचा हात थांबला. भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवून त्यांनी म्हातारीला चांगलंच फैलावर घेतलं. गर्भलिंग सांगणं गुन्हा, विचारणंही गुन्हा, पोलिसांना बोलावू का? रेणुका कोपरावर रेलून उठली. आठ दिवस गिळलेलं सगळं ओठावर आलं.

"आत्याबाई, मी आता तुमच्या घरी येत नसते."

जनकाबाईंनी सुनेकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर पडद्याला चिकटली होती आणि त्यातलं त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं.

"पोरगा-पोरगी नाई इचारून राह्यली मी, बाई," त्या म्हणाल्या. "डोकं हाय का त्याले, तेवढं सांगा."

डॉक्टरीणबाईंचा राग जागीच विरला. त्यांनी पडद्यावरची गोल पांढरी रेघ बोटाने फिरवून दाखवली. डोकं आहे, कवटी पूर्ण आहे, काळजी नको. जनकाबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांनी पडद्यालाच हात जोडले.

रेणुकाला काहीच उमगेना. डोकं कसं नसेल, असं तिने विचारलं.

"सहदेवच्या आधी एक झालं होतं मले. सहदेवले ठावं नाई," जनकाबाई म्हणाल्या. "त्या लेकराले डोकंच नव्हतं."