बंद पंखा

"पंख्याखाली निजवू नकोस गं ढब्बूला," सासूबाई म्हणाल्या होत्या. ती हसली होती. "पंख्यानं काही होत नसतं, आई. पुस्तकात बघा हवं तर."

ढब्बू सात महिन्यांचा होता. त्याला जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून घरातला पंखा कुणी लावलेला नाही. सासूबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटे.

शवविच्छेदनाच्या कागदावर सही तिनंच केली होती. आज अहवाल घ्यायला आली, तर प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंनी आधी स्टूल पुढे सरकवलं.

"फुप्फुसाचा तुकडा तपासला. त्यात विषाणू सापडला. मोठ्यांचं नुसतं नाक गळतं त्यानं. एवढ्याशा जिवाचा श्वासच कोंडतो."

"पंख्यानं नाही?"

"पंख्यानं नाही."

तिनं आणखी दोनदा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही वेळा पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर दिलं. मग खणातून मेणाची एक छोटी वडी काढली. आत फिकट ठिपका. तपासून उरलेला तुकडा. तिनं ती बोटांच्या टोकांवर घेतली.

"नीट धरा. हाताच्या उबेनं वितळत नाही."

तिनं मूठ मिटली.

"तेव्हा घरात कुणाला सर्दी होती?"

दाराच्या काचेतून बाकावर बसलेल्या सासूबाई दिसत होत्या. त्या आठवड्यात त्या सारख्या शिंकत होत्या, आणि ढब्बू त्यांच्या मांडीवरून उतरत नव्हता.

तिनं नजर दाराकडून मुठीकडे वळवली.

"असू दे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाकडून आला, ते आता सांगताही येणार नाही."

परत दिली तेव्हा वडी कोमट झाली होती.

"काय निघालं गं?" ती बाहेर येताच सासूबाई बाकावरून उठल्या.

"विषाणू. पंख्याचा काही संबंध नाही, आई."

"मेली माझी जीभ! उगाच बोलून गेले आणि तू जिवाला लावून घेतलंस." त्यांनी तिचा हात धरला. जिन्यापाशी मात्र थांबल्या. "विषाणू म्हणजे सर्दीचाच का? मला होती ना तेव्हा."

"तुमची सर्दी वेगळी होती."

घरी आल्यावर तिनं पंखा लावला.

दुपारी ती कामावर गेली की सासूबाई एकट्याच असतात. तिकडून जाणार असाल, तर जरा डोकावून या. त्या सर्दीचं विचारतील. वेगळी होती, एवढंच सांगा.