संतिणीची तसबीर

फ्रेमवाल्या रमेशने पक्कडीने शेवटचा गंजका खिळा उपटला आणि तसबिरीच्या मागची फळी अलगद उचलली. उर्सुलाने घाईघाईने क्रुसाची खूण केली. संतिणीची पाठ आजवर घरातल्या कुणीच पाहिली नव्हती.

"फुटकी काच बदल आणि लगेच बंद कर," ती म्हणाली. "उद्या लग्न हाय घरात."

शेजारी अँजेलिना उभी होती, उर्सुलाची होणारी सून. लग्नाची उरलीसुरली खरेदी करायला दोघी वसईच्या बाजारात आल्या होत्या, आणि अँजेलिनाचं तोंड सकाळपासून फुगलेलं होतं.

कारणही तसंच होतं. गास गावातल्या उर्सुलाच्या घराची एक रीत होती. चर्चमधून आलेल्या नवरीने आधी संतिणीपुढे गुडघे टेकायचे आणि जिवापाड आवडणारी एक गोष्ट सोडली, असं सगळ्यांदेखत बोलायचं. काय सोडायचं ते सासू ठरवणार. उर्सुलाच्या सासूने, मेरीने, बत्तीस वर्षांपूर्वी नेमकं तिच्या नाटकावर बोट ठेवलं होतं. आता अँजेलिनाही एकांकिकांत कामं करायची, बक्षिसं आणायची. उर्सुलाने तिच्याही नाटकावरच बोट ठेवलं. पोरगी चार महिने भांडली. नवरदेव शेल्डन मूग गिळून बसला. शेवटी संतिणीचा मान म्हणून ती कशीबशी कबूल झाली.

"मावशी, फोटोच्या मागं काहीतरी छापलंय," रमेश म्हणाला. "इंग्रजी हाय. मला नाय येत."

अँजेलिना बँकेत नोकरीला होती. तिने फोटो हातात घेतला, नक्षीदार अक्षरांवरून नजर फिरवली आणि खुदकन हसली. मग हसू आवरेना म्हणून तिने तोंडाला रुमाल लावला.

"काय झालं?"

"आंटी, ही संतीण नाय. ही नटी आहे. लंडनची. मिस फ्लोरा का कोण. नाटकातल्या संतिणीच्या वेशात उभी आहे. खाली किंमत आहे, एक शिलिंग. आणि हे ऐका, हीच बाई राणी, जलपरी आणि चेटकिणीच्या वेशातही आमच्या दुकानात मिळेल."

"परत वाच."

अँजेलिनाने परत वाचलं. जलपरी होती तिथेच होती.

शेल्डनचा खापरपणजा मार्सेल मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे बटलर होता. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याने टाकून दिलेल्या सामानातून मार्सेलने हा फोटो घरी आणला. पांढरा पायघोळ झगा, जोडलेले हात, वर लागलेले डोळे. बिचाऱ्याला अक्षरओळख नव्हती. त्याने पुढची बाजू पाहिली आणि गुडघे टेकले. त्याच्यामागून चार पिढ्या टेकत आल्या.

उर्सुलाने फोटो आपल्याकडे ओढून घेतला. लग्नाआधी चर्चच्या सणाला ती नाटकात उभी राहिली की पार आगाशी गावाहून माणसं यायची. एका वर्षी तिने राणीचं काम केलं, तेव्हा स्टुडिओवाल्याने तिचा फोटो काढून आठ आण्याला एक असा विकला होता. तिच्याकडचा एकुलता एक फोटो मेरीने चुलीत घातला. तो पेटत असताना उर्सुला बाजूलाच भाकऱ्या थापत राहिली होती.

आता तिने त्या बाईच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. बत्तीस वर्षं तिला वाटत आलं होतं की संतीण स्वर्गाकडे बघतेय. कसला स्वर्ग! हनुवटी जराशी वर, मान ताठ, नजर लोकांच्या डोक्यांवरून पार पलीकडे. ही नजर तिला नाटकाच्या मास्तरांनी तालमीत शिकवली होती. बाई शेवटच्या रांगेकडे बघत होती.

उर्सुलाला संताप आला. पण तो काढायचा कुणावर? मार्सेल मातीत गेला होता. मेरीही गेली, आणि मरताना तिच्या हातात उर्सुलानेच हा फोटो दिला होता. समोर उरली होती ही पोर, रुमालाआड हसणारी, डोळ्यांत एकदम उजेड पडलेली.

"बरं झालं ना, आंटी?" अँजेलिनाने तिचा हात धरला. "सुटलो आपण. मी शेल्डनला सांगते. सोमवारी तालीम आहे, माझं काम अजून कुणाला दिलं नाय."

उर्सुलाने हात सोडवून घेतला.

"रमेश, फळी नवीन लाव. जाड. वरून कागद चिकटव आणि खिळे जवळजवळ मार."

"आंटी?"

"आपण काय वाचलं नाय."

"पण आता कुणापुढे सोडू मी?"

"मी सोडलं ना?"

रमेश एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला आणि मग नवी फळी बसवून खिळे ठोकू लागला. प्रत्येक ठोक्याला अँजेलिनाच्या पापण्या लवत होत्या. काम झाल्यावर त्याने काच पुसली आणि तसबीर काउंटरवर उभी केली. नव्या काचेत फ्लोराबाई चांगलीच उजळली होती.

उर्सुलाने पदराने काचेचा कोपरा पुन्हा पुसला.

"उद्या हिच्याकडं बघून बोल," ती सुनेला म्हणाली. "मान वर ठेव. घाई करू नको. आणि आवाज असा लाव की शेवटच्या रांगेला ऐकू गेला पाहिजे."